श्टुटगार्टमध्ये नव्याने आलेल्यांसाठी वाणसामान: कोणत्या दुकानातून काय घ्यावे

मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनी शहरे आहेत, आणि नाशिकच्या बॉशमधून किंवा चाकणच्या मर्सिडीजमधून बदली होऊन येथे येणारी मराठी कुटुंबे आता नवी राहिलेली नाहीत. त्यांच्या जोडीला शिक्षणासाठी येणारे विद्यार्थी आहेत आणि रुग्णालयांत रुजू होणाऱ्या परिचारिकाही आहेत. घर, बँक आणि नगरपालिकेतील नोंदणी यांविषयी सांगणारे पुष्कळ भेटतात. पण घराची किल्ली हातात आल्यावर त्याच संध्याकाळी जो प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे सामान कोठून भरायचे, त्याचे उत्तर बहुतेकांना चुकत-माकत, पैसे वाया घालवूनच सापडते. आमच्याही घरात तसेच झाले. म्हणून गेल्या काही वर्षांत जे शिकलो ते येथे क्रमाने मांडत आहे. येथे सर्वच बाबतींत स्वस्त आणि चांगले असे एक दुकान शोधू नये. आपल्या यादीचे चार भाग करावेत आणि प्रत्येक भाग त्याच्या त्याच्या दुकानातून आणावा. एवढे जमले की खर्चही आटोक्यात येतो आणि जेवणाची चवही घरची राहते.

निघण्यापूर्वी: पेटीत काय भरावे

युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणता येत नाहीत, त्यामुळे आईने कढवून दिलेले तूप, पेढे, खवा, पनीर आणि चक्का हे सर्व घरीच ठेवावे. ताजी फळे आणि भाज्या यांनाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर एवढ्यांनाच त्यातून सूट आहे. कढीपत्त्याची जुडी, हिरव्या मिरच्या किंवा आंब्यांची पेटी सीमाशुल्क अधिकाऱ्यांच्या हाती लागली, तर ती तेथेच काढून घेतली जाते.

त्याऐवजी पेटीतील जागा गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मेतकूट, आमसुले, थालीपिठाची भाजणी आणि कुरडया-पापड यांना द्यावी. या वस्तू येथील भारतीय दुकानांत क्वचितच मिळतात, कारण त्या दुकानांतील माल मुख्यतः पंजाबी आणि दाक्षिणात्य स्वयंपाकाला धरून असतो. कुकर, लाटणे आणि सांडशी अवश्य आणावी. तवा मात्र सपाट बुडाचाच घ्यावा, कारण बहुतेक भाड्याच्या घरांत काचेचा विजेचा ओटा असतो आणि खोलगट बुडाचा तवा त्यावर नीट तापत नाही. डाळ, तांदूळ, साखर आणि मीठ यांच्यासाठी विमानातील एक किलोही खर्च करू नये.

पहिला दिवस: आधी घड्याळ आणि पंचांग

जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात, आणि रविवारच्या विश्रांतीला येथील राज्यघटनेचेच संरक्षण असल्यामुळे या नियमाला फारसे अपवाद नाहीत. पाव-बिस्किटांच्या बेकऱ्या सकाळी काही तास उघडतात, आणि मोठी रेल्वे स्थानके व विमानतळ येथील दुकाने चालू असतात. तेथे भाव अधिक असले तरी दूध, पाव, केळी आणि अंडी मिळून जातात. आपले विमान शनिवारी रात्री किंवा रविवारी उतरणार असेल, तर घरी जाण्यापूर्वी तेथूनच एक पिशवी भरून घ्यावी.

बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात सोमवार ते शनिवार दुकाने किती वाजेपर्यंत उघडी ठेवावीत यावर कायद्याचे बंधन जवळजवळ नाही, त्यामुळे अनेक दुकाने रात्री दहापर्यंत चालतात. शेजारच्या बायर्न राज्यात मात्र दुकाने रात्री आठला बंद होतात. म्युनिकला राहणाऱ्या नातेवाइकांकडून ऐकलेली वेळ आपल्याकडे लागू नाही आणि आपली तिकडे लागू नाही. सहा जानेवारी आणि एक नोव्हेंबर या दोन्ही दिवशी येथे सार्वजनिक सुट्टी असते, जी उत्तरेकडील अनेक राज्यांत नसते. गुड फ्रायडे, ईस्टरचा सोमवार आणि २५ व २६ डिसेंबर हे दिवसही बंदचे, आणि २४ डिसेंबरला दुपारीच दारे लागतात. सुट्टीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी दुकानात पाऊल ठेवायला जागा नसते, म्हणून ती खरेदी एक दिवस अलीकडेच उरकावी.

पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या पहिल्या दिवशी वाहून आणण्याची आवश्यकता नाही. श्टुटगार्टच्या नळाला बोडनझे सरोवराचे पाणीही येते आणि ते थेट पिण्याजोगे असते.

पहिला आठवडा: दुकानांची कुळे ओळखावीत

येथील दुकानांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार ‘डिस्काउंटर’ म्हणून ओळखला जातो: आल्डी, लिडल, पेनी, नेटो आणि नोर्मा. दुकान आटोपशीर, प्रत्येक वस्तूचे एक-दोनच प्रकार, माल पुष्कळदा खोक्यांतच मांडलेला, आणि जवळजवळ सर्व वस्तू दुकानाच्या स्वतःच्या छापाच्या. दुसरा प्रकार पूर्ण सुपरमार्केटचा: रेवे आणि एडेका, ज्यांत एकाच वस्तूचे दहा प्रकार मिळतात आणि चीज व मांसाचे वेगळे काउंटर असतात. काउफलांड या दोहोंच्या मधले; अवाढव्य आकाराचे आणि भावाने डिस्काउंटरच्या जवळ जाणारे.

यांची नाती समजून घेतली तर भावांचा अर्थ लवकर लागतो. लिडल आणि काउफलांड एकाच श्वार्झ समूहाचे असून त्यांचे मुख्यालय आपल्या शेजारच्या नेकार्झुल्म गावात आहे. पेनी रेवेचे आहे, तर लाल-पिवळ्या पाटीचे नेटो एडेकाचे आहे. आल्डी मूळचे एस्सेन शहरातील आल्ब्रेख्ट बंधूंचे. साठच्या दशकाच्या आरंभी दोघा भावांनी कारभार वाटून घेतला आणि तेव्हापासून उत्तरेत आल्डी नोर्ड व दक्षिणेत आल्डी झ्यूड अशा दोन वेगळ्या कंपन्या आहेत. श्टुटगार्ट आल्डी झ्यूडच्या हद्दीत येते, त्यामुळे बर्लिन किंवा हांबुर्गमधील मित्राने सांगितलेली वस्तू आपल्या आल्डीत नसेल तर नवल मानू नये.

एडेकाची गोष्ट मला विशेष वाटते. १८९८ मध्ये बर्लिनमधील काही लहान किराणा व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन घाऊक खरेदीसाठी सहकारी संस्था काढली, आणि तिच्या नावाची आद्याक्षरे म्हणजेच आजचे एडेका. आजही अनेक एडेका दुकाने स्वतंत्र व्यापाऱ्यांच्या मालकीची असतात आणि पाटीवर एडेकाच्या जोडीला त्या व्यापाऱ्याचे आडनावही असते. सहकारी चळवळ पाहत वाढलेल्या मराठी माणसाला हे ओळखीचे वाटावे. व्यवहारात त्याचा परिणाम असा, की एका एडेकातील भाव आणि माल दुसऱ्या एडेकात तसाच असेल असे गृहीत धरता येत नाही. घराजवळचे दुकान स्वतः फिरून पाहावे लागते.

औषधांच्या दुकानासारख्या दिसणाऱ्या डीएमला या यादीतून वगळू नये. कार्ल्सरूहे येथे मुख्यालय असलेली ही साखळी साबण-शाम्पूसाठी ओळखली जाते, पण तिच्या सेंद्रिय मालाच्या कपाटात मसूर डाळ, काबुली चणे, नारळाचे दूध आणि सुकामेवा बऱ्यापैकी भावात मिळतो.

भाव कसा वाचावा

कपाटाच्या पट्टीवर मोठ्या आकड्यांत जी किंमत असते ती पाकिटाची. तिच्या खाली बारीक अक्षरांत ‘ग्रुंडप्राइस’ म्हणजे प्रति किलो किंवा प्रति लिटर भाव छापलेला असतो, आणि तो छापणे दुकानदाराला कायद्याने बंधनकारक आहे. तुलना नेहमी या बारीक आकड्यांची करावी. ‘मोठे पाकीट’ म्हणून ठळकपणे मांडलेला माल प्रति किलो महाग असल्याचे मी अनेकदा पाहिले आहे, आणि शेजारीच ठेवलेली दोन लहान पाकिटे घेणे अधिक फायद्याचे ठरते.

दुसरी गोष्ट नव्याने आलेल्यांना कोणी सांगत नाही आणि तीच सर्वांत उपयोगाची आहे. दूध, लोणी, साखर, मैदा, सूर्यफुलाचे तेल, साधे दही यांसारख्या मूलभूत वस्तूंचा दुकानाच्या स्वतःच्या छापाचा भाव सर्व साखळ्यांत जवळपास सारखाच असतो. आल्डीने लोण्याचा भाव बदलला की थोड्याच दिवसांत बाकीचेही तो बदलतात. रेवेमध्ये ‘या!’ हा पांढऱ्या पाकिटांवरील छाप, एडेकात ‘गूट उंड ग्युन्स्टिष’, आल्डीत दुधाच्या पदार्थांसाठी ‘मिल्झानी’ आणि लिडलमध्ये ‘मिल्बोना’. यांतील काहीही घेतले तरी पैशांत फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो नजरेच्या उंचीवर मांडलेल्या नामांकित छापांमुळे. रेवे आणि एडेका महाग आहेत अशी जी समजूत आहे, ती नजरेसमोरच्या मालापुरती खरी आहे. वाकून सर्वांत खालचा कप्पा पाहिला, तर तेथे डिस्काउंटरच्या भावाचा माल ठेवलेला असतो. म्हणून लिटरभर दुधासाठी ट्रामने तीन थांबे जाऊन आल्डी गाठण्यात अर्थ नाही, पण महिन्याची मोठी खरेदी करताना मोह कमी व्हावा म्हणून डिस्काउंटरमध्ये जाणे शहाणपणाचे आहे.

साप्ताहिक सवलती बहुधा सोमवारपासून सुरू होतात आणि त्यांचे पत्रक दुकानाच्या दाराशी ठेवलेले असते. लिडल प्लस, रेवे बोनस यांसारखी ॲप भ्रमणध्वनीवर घ्यावीत, परंतु सगळी एकदम घेऊ नयेत. घराजवळच्या ज्या दोन दुकानांत आपण खरोखर जातो त्यांचीच पुरेत. मुदत संपत आलेल्या मालावर टक्केवारीची सवलत-चिठ्ठी चिकटवलेली असते, आणि दही, पाव व पालेभाज्या त्याच दिवशी वापरायच्या असतील तर त्या खुशाल घ्याव्यात. ‘मिंडेस्टन्स हाल्टबार बिस’ ही तारीख गुणवत्तेची असते, ती उलटल्यावरही पदार्थ बहुधा चांगला राहतो. पण ‘झू फेरब्राउखेन बिस’ ही तारीख मांस-मासळीवर असते आणि ती ओलांडू नये.

यादीचा पहिला भाग: डिस्काउंटरमधून दूधदुभते, पीठ, बटाटे

दुधाच्या कपाटापुढे उभे राहिल्यावर तीन प्रकार दिसतात. ‘हा-मिल्ष’ हे बंद खोक्यातले टिकाऊ दूध शीतकपाटाबाहेर ठेवलेले असते. चहाला चालते, पण ते फाडून केलेले पनीर घट्ट बसत नाही. पनीर आणि विरजण यांसाठी ‘फ्रिश’ असे लिहिलेले, ३.५ टक्के किंवा त्याहून अधिक स्निग्धांशाचे दूध शीतकपाटातून घ्यावे. ताकासाठी ‘बुटरमिल्ष’ मिळते, आणि ते कढीला उत्तम लागते.

तुपाविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण हा आमच्या घरातील सर्वांत समाधानकारक शोध आहे. लोण्याच्या अडीचशे ग्रॅमच्या पाकिटावर लहान अक्षरांत ‘झ्यूसराम’, ‘मिल्ड गेझॉयर्ट’ किंवा ‘झाउअरराम’ यांपैकी काहीतरी लिहिलेले असते. झ्यूसराम म्हणजे गोड सायीचे लोणी आणि झाउअरराम म्हणजे विरजलेल्या सायीचे लोणी. आपल्याकडे साय विरजून, घुसळून लोणी काढतात, म्हणूनच कढवताना घरभर तो वास सुटतो. आणि झाउअररामची चार पाकिटे जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवली, तर अर्ध्या-पाऊण तासात तोच वास येतो, बेरी तांबूस होऊन तळाशी बसते आणि तूप गाळल्यावर रवाळ होते. लोण्यात किमान ८२ टक्के स्निग्धांश असतो, त्यामुळे एक किलोमागे साधारण आठशे ग्रॅम तूप हाती लागते. भारतीय दुकानातील डब्याच्या तुलनेत हे स्वस्त पडते आणि चवीला कितीतरी सरस असते. खारवलेले लोणी मात्र चुकून घेऊ नये.

गव्हाच्या पिठाच्या पाकिटावर ४०५, ५५० किंवा १०५० असा आकडा असतो. शंभर ग्रॅम पीठ जाळल्यावर किती मिलिग्रॅम राख उरते ते हा आकडा सांगतो. आकडा जितका मोठा, तितका कोंड्याचा अंश अधिक. ४०५ म्हणजे व्यवहारात मैदा. ‘फोलकोर्न’ हे पूर्ण गव्हाचे पीठ नावाने आकर्षक वाटते, पण त्यातील कोंडा जाडसर असल्याने पोळी लाटताना कडा फाटतात. भारतीय दुकानातील पिठाची पिशवी मिळेपर्यंत १०५० चे पीठ कोमट पाण्यात जरा सैल भिजवून अर्धा तास झाकून ठेवावे. पोळी अगदी घरच्यासारखी नाही, तरी मऊ होते.

बटाट्यांच्या जाळीवर तीन शब्दांपैकी एक असतो आणि त्याकडे दुर्लक्ष केल्यास वड्यांचे सारण बिघडते. ‘फेस्टकोखेन्ड’ बटाटा शिजल्यावरही फोडी धरून ठेवतो, म्हणून तो काचऱ्यांना आणि रश्शाला घ्यावा. ‘मेलिषकोखेन्ड’ बटाटा पिठूळ होतो, म्हणून तो वड्याला आणि पराठ्याला घ्यावा. ‘फोरवीगेन्ड फेस्टकोखेन्ड’ हा मधला प्रकार रोजच्या वापराचा. जाळीच्या लेबलावर पहिल्याला बहुधा हिरवा, दुसऱ्याला निळा आणि मधल्याला लाल रंग दिलेला असतो.

अंड्यांवर शिक्का असतो. त्यातील पहिला आकडा शून्य असेल तर सेंद्रिय, एक असेल तर मोकळ्यावर फिरणाऱ्या कोंबडीचे, आणि दोन असेल तर बंदिस्त शेडमधील.

दुसरा भाग: पूर्ण सुपरमार्केटमधून मसाले, रवा, आणि काही परिचित भाज्या

येथे सर्वांत मोठा धोका जिऱ्याचा आहे. ‘क्युमेल’ असे लिहिलेली काचेची बाटली दिसते, आतील दाणे जिऱ्यासारखेच दिसतात, फक्त जरा काळपट आणि वाकलेले. पहिल्या आठवड्यात आम्ही तीच बाटली घेतली आणि तेल तापल्यावर चमचाभर टाकले; क्षणात स्वयंपाकघरात जिऱ्याऐवजी येथील काळ्या पावाचा वास भरला, आणि ती आमटी कोणालाच खाववली नाही. आपले जिरे म्हणजे ‘क्रॉइत्सक्युमेल’. पुढचे ‘क्रॉइत्स’ हे अक्षर असल्याशिवाय बाटली उचलू नये.

डाळींच्या बाबतीतही असेच आहे. ‘गेल्बे शेलएर्बसेन’ नावाची पिवळी डाळ तुरीच्या डाळीसारखी दिसते, पण ती सोललेल्या वाटाण्याची डाळ असते आणि तिचे वरण उग्र लागते. ‘रोटे लिन्झेन’ म्हणजे मात्र खरोखरच आपली मसूर डाळ, आणि ती सर्वत्र मिळते. रव्यासाठी ‘हार्टवाइत्सेनग्रीस’ घ्यावा. ‘वाइषवाइत्सेनग्रीस’चा उपमा चिकट होतो. ‘नाट्रोन’ म्हणजे खाण्याचा सोडा आणि ‘बाकपुल्फर’ म्हणजे बेकिंग पावडर. ढोकळा करताना ही दोन पाकिटे उलटसुलट होऊ देऊ नयेत. ‘मिल्षराइस’ या आखूड, गोल तांदळाचा मऊ भात आजारी माणसाला द्यायला फार चांगला होतो. ‘पेर्लझागो’ नावाचे पांढरे मणी साबुदाण्यासारखे दिसले तरी ते बहुधा बटाट्याच्या पिठाचे असतात आणि त्यांची खिचडी होत नाही. खसखस ‘मोन’ नावाने मुबलक मिळते, फक्त ती पांढरी नसून निळसर-काळी असते.

भाज्यांत नवलकोल येथे ‘कोलराबी’ म्हणून सर्रास मिळतो. टोकदार ‘श्पिट्सकोल’ ही कोवळी कोबी पीठ पेरून केलेल्या भाजीला आणि कोशिंबिरीला उत्तम. शरद ऋतूत येणारा नारिंगी ‘होक्काइडो’ भोपळा सालीसकट शिजतो आणि त्याचे घारगे सुरेख होतात.

शाकाहारी वाचकांनी पाकिटामागील तीन शब्द पाठ करावेत: ‘गेलाटीने’, ‘श्माल्त्स’ आणि ‘लाब’. पहिला प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून केलेला पदार्थ असून तो जेली, गोळ्या आणि काही दह्यांत असतो. दुसरी चरबी असते, बहुधा डुकराची. तिसरे चीज विरजण्याचे द्रव्य, जे वासराच्या जठरातून काढलेले असू शकते. चीजवर ‘मिक्रोबिएलेस लाब’ लिहिले असेल तर ते प्राणिज नसते. हिरव्या-पिवळ्या रंगातील इंग्रजी व्ही अक्षराचे चिन्ह दिसले, की प्रत्येक शब्द वाचण्याचे श्रम वाचतात.

तिसरा भाग: तुर्की दुकानातून पालेभाज्या आणि दही

श्टुटगार्टच्या जवळजवळ प्रत्येक भागात तुर्की दुकान आहे, आणि भाजीची आवड असलेल्या माणसाने ते पहिल्या आठवड्यातच शोधून काढावे. सुपरमार्केटमध्ये कोथिंबीर कुंडीत किंवा चिमूटभर पाकिटात मिळते. तुर्की दुकानात ती मुठीत न मावणाऱ्या जुडीने मिळते. फक्त शेजारीच पार्स्लीची जुडी असते, आणि दोन्हींची पाने इतकी सारखी दिसतात की नुसत्या नजरेने ओळखणे कठीण. आमच्या दुकानातील काकूंनी मला पहिल्याच दिवशी एक पान चुरडून नाकाशी धरायला लावले आणि दोन शब्द शिकवले: ‘किशनिश’ म्हणजे कोथिंबीर, ‘मायदानोझ’ म्हणजे पार्स्ली. त्यानंतर ‘देरेओतू’ म्हणजे शेपू, ‘बाम्या’ म्हणजे भेंडी, ‘इर्मिक’ म्हणजे रवा आणि ‘किम्योन’ म्हणजे जिरे हे शब्दही त्यांच्याकडूनच समजले. शेपूची मोठी जुडी पाहून आमच्या घरी त्याच रात्री मुगाची डाळ भिजत पडली.

येथील १० टक्के स्निग्धांशाचे दही किलोच्या डब्यात मिळते. ‘स्युझ्मे’ असे लिहिलेले दही पाणी निथळलेले असते, म्हणजे तयार चक्काच. त्यात साखर, वेलदोडा आणि केशर फेटले की श्रीखंड होते. सुपरमार्केटमधील ‘क्वार्क’ही यासाठी वापरता येते, पण ‘मागर’ म्हणजे स्निग्धांश काढलेले क्वार्क कोरडे आणि किंचित पिठूळ लागते, म्हणून ४० टक्क्यांचे घ्यावे.

अशा दुकानांत कार्ड काही ठरावीक रकमेच्या वरच चालते किंवा फक्त गिरोकार्ड म्हणजे जर्मन बँकेचे डेबिट कार्ड चालते, त्यामुळे खिशात तीस-चाळीस युरो रोख असावेत. बँकेचे यंत्र दूर असेल तर मोठ्या सुपरमार्केटच्या रोख खिडकीवर सामानाच्या बिलासोबतच गिरोकार्डातून रोख रक्कम मागता येते.

शहराच्या मध्यभागी मार्क्टप्लाट्स चौकात मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. तेथे आसपासच्या मळ्यांतली ताजी भाजी मिळते, भाव मात्र दुकानांहून अधिक असतो. शेजारचा १९१४ मधील बंदिस्त मार्क्टहाले पाहण्यासारखा आहे; रोजच्या खरेदीसाठी तो नव्हे.

चौथा भाग: भारतीय दुकानातून महिन्यातून एकदा

तूरडाळ, पोळीचे पीठ, पोहे, साबुदाणा, मोहरी, हिंग, गूळ, ज्वारी-बाजरीचे पीठ आणि कच्चे शेंगदाणे एवढी यादी घेऊनच भारतीय दुकानात जावे. येथील ‘हिर्झे’ या धान्याला बाजरी समजून घेऊ नये. ते वेगळे, पिवळे धान्य असून त्याची भाकरी थापता येत नाही. पीठ घेताना पिशवीवरील तारीख पाहावी, कारण जुने पीठ कडवट होते. ओला नारळ खवून गोठवलेल्या पाकिटात मिळतो आणि मोदकांच्या सारणालाही तो चालतो. ही पाकिटे आणि गोठवलेला कढीपत्ता श्रीलंकेतील तमिळ लोकांच्या दुकानांत अधिक भरवशाने मिळतात. नाचणीचे पीठ तेथे ‘कुरक्कन’ या नावाने मागावे.

पैसे देताना आणि बाटल्या परत करताना

ढकलगाडी सोडवण्यासाठी एक युरोचे नाणे किंवा त्या आकाराची चकती लागते, ती किल्लीच्या जुडग्यातच ठेवावी. आल्डी आणि लिडलमध्ये सुटी फळे रोख खिडकीवर तोलतात; काही मोठ्या दुकानांत मात्र भाजीच्या विभागातील काट्यावर आपणच तोलून चिठ्ठी चिकटवायची असते, म्हणून तेथे काटा ठेवलेला आहे का ते आधी पाहावे. सरकत्या पट्ट्यावर आपले सामान मांडून झाले की मागच्या माणसासाठी मध्ये आडवी पट्टी ठेवावी. डिस्काउंटरमध्ये कर्मचारी अतिशय वेगाने वस्तू पुढे ढकलतात आणि तेथे पिशवी भरत बसायला जागा नसते. सर्व काही परत गाडीत टाकून, पैसे चुकते करून, खिडक्यांच्या पलीकडील फळीवर निवांतपणे पिशव्या भराव्यात. जड वस्तू पट्ट्यावर आधी मांडल्या, तर त्या गाडीत तळाशी जातात आणि टोमॅटो चेपत नाहीत.

बहुतेक बाटल्या आणि डबे यांच्या किमतीवर ‘फांड’ म्हणजे परत मिळणारी अनामत आकारली जाते. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर आणि पत्र्याच्या डब्यावर २५ सेंट, पुन्हा भरल्या जाणाऱ्या पाण्याच्या बाटलीवर बहुधा १५ सेंट, बिअरच्या साध्या काचेच्या बाटलीवर ८ सेंट. काचेच्या बरणीतील दह्यावरही बहुधा १५ सेंट असतात. ताक-लस्सीसारख्या दुधाच्या पेयांच्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांवरही २०२४ पासून अनामत लागू झाली आहे. बाटली चेपू नये आणि तिच्यावरील लेबल फाडू नये, कारण यंत्राला त्यावरील चिन्ह वाचावे लागते. यंत्र जी चिठ्ठी देते ती त्याच दुकानाच्या खिडकीवर त्या दिवसाच्या बिलातून वजा करून घ्यावी. चिठ्ठी खिशात राहिली आणि धुतली गेली तर पैसे गेले. आमच्या घरी रिकाम्या बाटल्यांची पिशवी दाराशी टांगलेली असते, आणि शनिवारी सकाळी लिडलला जाताना तीच पिशवी सर्वांत आधी हातात घेतली जाते: आधी यंत्र, मग डिस्काउंटरमधील दूध-बटाटे, परतीच्या वाटेवर तुर्की दुकानातली भाजी, आणि महिन्याच्या पहिल्या शनिवारी तेवढा भारतीय दुकानाचा फेरा.